तळ्याकाठचा वाडा : सुटीतील भेट

तळ्याच्या पाळीवर किंवा पाळीला लागून उभ्या असलेल्या ऐतिहासिक वाड्याला अथवा राजवाड्याला सुटीच्या दिवसांत दिलेली भेट. अशी वास्तू पाहताना इमारत आणि पाणी वेगळे काढता येत नाही. जोते किती उंच, घाट कोणत्या अंगाला, भिंतीला ओल कुठवर, सदर कुठे, खिडक्या कुठे, या सगळ्यांची उत्तरे तळ्यात असतात. तरीही बहुतेक सहली उलट्या क्रमाने होतात : आधी दरबार, मग संग्रहालय, मग खरेदी आणि निघता निघता तळ्यासमोर एक फोटो. ही नोंद ठाण्याहून निघणाऱ्या माणसाला समोर ठेवून लिहिली आहे.

ठाण्यात तळी उरली, वाडे गेले. शिलाहारांच्या श्रीस्थानकापासून तळ्यांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, मखमली, आंबेघोसाळे, रायलादेवी, उपवन अशी कितीतरी तळी अजून पाणी धरून आहेत. त्यांच्या आसपासच्या आळ्यांतले कौलारू वाडे मात्र भाडेकरूंचे दावे, दुरुस्तीचा न परवडणारा खर्च आणि पुनर्विकास या तीन टप्प्यांनी इमारतींच्या पोटात गेले. खारकर आळी, चरई, उथळसर ही नावे तेवढी राहिली. कल्याणच्या सुभेदारवाड्याचेही तेच झाले; तो आज नावात आणि गणेशोत्सवात भेटतो. त्यामुळे तळ्याकाठचा उभा वाडा पाहायचा तर ठाणेकराला गाव सोडावे लागते. पाणी वाचायचा सराव मात्र घराजवळच करता येतो.

‘तलावपाळी’ हा शब्द ठाण्यात रोज शेकडो तोंडांतून निघतो, पण त्यातली ‘पाळ’ म्हणजे पाणी अडवणारा बांध, हे बोलताना कोणाच्या मनात नसते. तळे म्हणजे नुसता खड्डा नव्हे. पाणी आत येण्याची वाट (येवा), ते अडवणारी पाळ, जादा पाणी सोडणारा सांडवा, लागेल तेवढे काढायची मोरी आणि उतरायला घाट, एवढे अवयव मिळून तळे होते. मासुंद्याभोवती एक पूर्ण फेरी मारून यांतले काय दिसते, काय रस्त्याखाली गेले, हे शोधले तर परगावच्या तळ्यावर नजर आपोआप योग्य जागी जाते. काठावरचे कोपिनेश्वराचे देऊळ आजच्या रूपात १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधले आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून त्याची दुरुस्ती झाली. त्याच पाण्याशेजारी १९७८ मध्ये गडकरी रंगायतन हे नाट्यगृह आले. म्हणजे एकाच तळ्याच्या कडेला दोनशे वर्षांच्या अंतराने सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा पाणी आधीपासून तिथे होते.

तळे आधी की वाडा आधी

कोणत्याही ठिकाणी गेल्यावर विचारायचा पहिला प्रश्न हा. कोकणातले ठळक उदाहरण सावंतवाडीचे. सुंदरवाडी हे सावंतवाडीचे जुने नाव. तिथला जांभ्या दगडाचा राजवाडा तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५–१८०३) यांच्या काळातला; त्याच्यासमोरचा मोती तलाव मात्र १८७४ चा. वाडा थोरला, तळे धाकटे. आज दोन्ही एकाच हाताने आखल्यासारखी दिसतात, ती किमया नंतरच्या आखणीची. तिथे तळे हा वाड्याचा दर्शनी भाग आहे आणि गावाचे बैठकीचे ठिकाणही : केशवसुत कट्टा त्याच काठावर आहे आणि संध्याकाळी निम्मे गाव पाळीवर असते. ठाणेकराला हे दृश्य नवे वाटत नाही.

कोल्हापूरला क्रम उलटा. रंकाळा तलाव फार जुना. मूळ दगडाच्या खाणीत पाणी साठून तो झाला अशी परंपरा आहे. त्याच्या पश्चिम काठावरचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात, त्या वेळच्या आठ लाख रुपयांत, राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाने बांधला गेला. काळा दगड, इटालियन संगमरवर, रंगीत काचा आणि घड्याळाचा मनोरा ही त्याची ओळख. इथे तळे पाहूनच जागा निवडली गेली आणि घराचे तोंड पाण्याकडे ठेवले गेले. १९८७ पासून अनेक वर्षे तिथे हॉटेल होते. आत जायला मिळेल असे धरून निघू नये. हा राजवाडा बाहेरून आणि पाण्यापलीकडून पाहण्याचा आहे. कोल्हापुरात आतून पाहायचा तो न्यू पॅलेस. मेजर मँट यांनी आखलेली ही इमारत १८७७ ते १८८४ या काळात झाली. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आणि वर घराण्याचे निवासस्थान अशी तिची वाटणी आहे.

देशभराचा विचार केला तर उदयपूरचा जगनिवास (१७४३–४६) तिसऱ्या प्रकारात मोडतो : तो तळ्याच्या काठावर नसून पिछोला तळ्यातच आहे, हॉटेल आहे आणि पाहुण्यांशिवाय इतरांना आत सहसा घेत नाहीत. दिवाळीच्या सुटीत तिथे पोचून घाटावरूनच परत फिरणारी मराठी कुटुंबे दरवर्षी दिसतात. ठाण्याला जवळ म्हणून जव्हारचा जयविलास पुष्कळदा सुचवला जातो. तो पाहण्यासारखा आहे, पण टेकडीवर आहे. तळ्याकाठच्या वाड्याची अपेक्षा घेऊन तिथे जाऊ नये.

केव्हा व कसे जावे

तळे भरलेले आणि पाऊस थांबलेला, असा काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्याच्या सुटीत पाणी खाली गेलेले असते, काठाला गाळाची पट्टी उघडी पडते आणि ऊन डोक्यावर असते. तरी मे अगदीच वाया जात नाही. पाणी उतरले की घाटाच्या खालच्या पायऱ्या, मोरीचे तोंड आणि पाळीचे दगडकाम उघडे पडते, जे एरवी दिसत नाही. बांधकामात रस असलेल्याने उन्हाळ्यात जावे, फोटोसाठी जाणाऱ्याने हिवाळ्यात.

सावंतवाडी ठाण्याहून रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर. कोकणात जाणाऱ्या बहुतेक गाड्या ठाण्याला थांबतात आणि दिवा–सावंतवाडी गाडी तर दिव्याहूनच सुटते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि जुन्या सवयीने हिशेब करणारे अजून चुकतात. गणपती, दिवाळी आणि मे या तीन हंगामांत पहिल्या दिवशी सकाळी तिकीट काढले नाही तर प्रतीक्षा यादी ठरलेली. सगळ्या गाड्या सावंतवाडीला थांबत नाहीत. अशा वेळी कुडाळला उतरून पुढचे सुमारे वीस किलोमीटर एसटीने जाता येते. सावंतवाडी रोड स्थानक गावात नाही, रिक्षा करावी लागते, आणि पहाटे उतरल्यास रिक्षाचे आधी ठरवलेले बरे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात, म्हणून त्याच दिवशी दुपारी वाडा पाहायचा बेत पावसाळ्यात करू नये. कोल्हापूरला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची : ठाण्याला रात्री बसले की सकाळी रंकाळ्यावर.

वाडा उघडा आहे की नाही, हे निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारावे. इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असतात. प्रश्न एकच न विचारता तीन विचारावेत : आठवड्याची सुटी कोणती, दुपारी बंद असते का, आणि त्या दिवशी आत लग्न, समारंभ किंवा चित्रीकरण आहे का. दुपारची बंद वेळ सगळ्यांत जास्त फसवते. रात्रभराचा प्रवास, आंघोळ, मालवणी जेवण उरकून लोक एक-दीडला दारात येतात आणि पहारेकरी कुलूप लावत असतो. सकाळी उघडण्याच्या वेळीच पोचावे आणि जेवण नंतर करावे. दरबाराला दीड तास पुरतो, तळ्याच्या फेरीला एक. असे अडीच तास हाताशी ठेवावेत.

पाण्याकडून सुरुवात

आधी वाड्याच्या समोरच्या, म्हणजे दूरच्या काठावर जावे. सकाळी नऊच्या आत वारा पडलेला असतो, पाणी आरशासारखे असते आणि वाड्याचे प्रतिबिंब अखंड मिळते. वारा सुटला की त्याचे तुकडे होतात. इथूनच वाड्याची मूळ रेघ कळते. कुठला मजला नंतर चढवला, कुठल्या भागावरची कौले नवी, कुठे पत्रा आला, ते जवळून समजत नाही. कोकणात नळीची कौले जाऊन मंगळुरी कौले आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मंगळुरात बासेल मिशनचा कारखाना १८६५ चा, त्यामुळे अठराव्या शतकातल्या वाड्यावर चपटी मंगळुरी कौले दिसली तर छप्पर बदललेले आहे असे खुशाल धरावे.

मग घाट. पायऱ्यांवर पाण्याच्या पातळीच्या रेघा असतात. सर्वांत वरची गडद रेघ म्हणजे भर पावसातली पातळी. ती रेघ आणि वाड्याच्या जोत्याचा माथा यांतली उंची डोळ्यांनी मोजावी. जोत्याच्या पायऱ्या मोजल्या की अंदाज मिळतो, कारण एक पायरी साधारण सहा ते आठ इंच. हे अंतर म्हणजे बांधणाऱ्याने पुराला दिलेली सूट. रंकाळ्यात हे काम संध्यामठ ही तळ्यातली दगडी वास्तू करते : पाणी चढले की ती बुडू लागते आणि उतरले की पुन्हा उघडी पडते. कोल्हापूरकर तिच्याकडे पाहून पाऊस सांगतात.

पायऱ्यांवर शेवाळ असते आणि ते पावसाळ्यानंतर, आश्विनात, सर्वांत घातक असते : वरून वाळल्यासारखे, खाली ओले. चामड्याच्या चपलेने किंवा गुळगुळीत तळाच्या बुटाने खाली उतरू नये. लहान मुलांना पाण्याकडच्या बाजूला चालवू नये. नौकाविहार असेल तर लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टा आवळावा. मांडीवर ठेवलेले जॅकेट उपयोगाचे नाही, हे सांगावे लागते.

पाणी हिरवेगार दिसले तर ते सौंदर्य नाही. सांडपाणी आणि निर्माल्याने पाण्यात पोषक द्रव्ये वाढतात, शैवाल माजते, रात्री तेच प्राणवायू ओढते आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. उन्हाळ्याच्या शेवटी पहिल्या वळिवाने तळाचा गाळ ढवळला की एका रात्रीत मासे मरतात. ठाण्याने हा अनुभव आपल्या तळ्यांत घेतला आहे. विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करण्यामागे तेच कारण. परगावी गेल्यावर हार, खाऊ किंवा पाव पाण्यात टाकू नये, हे ठाणेकराला निराळे सांगायची गरज नसावी.

ओल आणि लोणा

पाण्याशेजारच्या वाड्याचा खरा शत्रू पूर नव्हे, ओल. जमिनीतले पाणी दगड-चुन्याच्या भिंतीत केशाकर्षणाने वर चढते, साधारण हात-दोन हात, आणि पृष्ठभागावरून उडून जाते. जाताना विरघळलेले क्षार मागे ठेवते. ते क्षार पांढऱ्या पिठासारखे फुलतात, त्याला ‘लोणा लागणे’ म्हणतात. लोणा गिलाव्याच्या आत फुलला की गिलावा पोपडे होऊन सुटतो. जुन्या बांधणाऱ्यांनी ओल अडवण्याऐवजी तिला वाट दिली. कळीचा चुना विरवून हौदात मुरवायचा, वाळूबरोबर चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळायचा, वर गूळ, बेलफळाचा गर, हिरडा अशी भर घालायची. असा गिलावा श्वास घेतो : ओल येते आणि वाळूनही जाते.

बिघाड होतो दुरुस्तीत. पोपडे दिसले की सिमेंटचा गिलावा मारतात. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, म्हणून ती आणखी वर चढते. कमरेपर्यंत नवे सिमेंट आणि त्याच्या वर पुन्हा ओला पट्टा, अशी भिंत दिसली की गोष्ट कळली. ऑइलपेंटचेही तसेच. जांभ्याच्या भिंती यात थोड्या वेगळ्या. हा दगड खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कठीण, पण कायम सच्छिद्र. कोकणात म्हणूनच चिरा पुष्कळदा उघडा ठेवतात आणि छपराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब टाकतात.

लाकडाची काळजी पायाशी घेतलेली दिसते. सागवानी खांब कधी थेट जमिनीत रोवत नसत. खाली दगडी तळखडा असतो. तळखड्याचा आणि खांबाचा सांधा बोटाने चाचपावा : तिथे भुसा किंवा मातीची बारीक नळी लागली तर वाळवी चढली आहे. खांबाला टेकून फोटो काढण्यापूर्वी एवढे पाहायला हरकत नाही.

आत

देशावरच्या वाड्यात दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर असा क्रम येतो आणि घराची लांबी-रुंदी खणांत सांगतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, साधारण पाच-सहा फूट. संस्थानी राजवाड्यांत यावर इंग्रजी घाटाचे दिवाणखाने, झुंबरे आणि लांबलचक व्हरांडे चढले. जुने आणि नवे कुठे जोडले ते शोधण्याची सोपी खूण भिंतीची जाडी : दाराच्या चौकटीत उभे राहून वीत लावली की जुनी भिंत लगेच जाणवते.

पायतण बाहेर काढावे लागते; मोजे घातलेले असतील तर तेही काढलेले बरे, घासलेल्या फरशीवर आणि शिसवी जिन्यावर पाय सरकतो. जुने जिने भिंतीच्या जाडीत, अरुंद, अंधारे आणि चढे असतात. चढताना अडचण येत नाही, उतरताना येते. साठीच्या पुढच्यांनी तोंड जिन्याकडे करून, शिडी उतरतात तसे उतरावे. माडीच्या लाकडी जमिनीवर वीस जणांनी मध्यभागी गोळा होऊन गाइडचे ऐकू नये. तुळईची टोके भिंतीत असतात आणि वाकते ती मधोमध, म्हणून गटाने भिंतीलगत पसरून उभे राहावे. फ्लॅश वापरू नये. वस्त्रे आणि नैसर्गिक रंग प्रकाशाने फिके होतात आणि झालेले नुकसान परत फिरत नाही. ड्रोन तर विचारल्याशिवाय पिशवीतूनच काढू नये. बहुतेक राजवाड्यांच्या एका भागात घराणे अजून राहते आणि दोरी बांधलेला दरवाजा म्हणजे कोणाच्या तरी घराचा उंबरठा असतो.

सावंतवाडीच्या दरबारात सर्वांत जास्त वेळ द्यावा तो गंजिफांना. या गोल, हाताने रंगवलेल्या पत्त्यांची कला विसाव्या शतकात विझत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जाणकारांना राजवाड्यातच बसवून ती पुन्हा चालू केली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग (म्हणजे पत्त्यांचे गट), प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, एकूण १२०. मोगली गंजिफेत आठ रंग, म्हणून ९६. पत्ता तयार करायची जुनी रीत अशी : कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवून घासायचे, पांढरा थर द्यायचा, गोल कापायचे, रंगवायचे आणि वर लाखेचा हात फिरवायचा. अवतार खुणेवरून ओळखतात : मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. निम्म्या रंगांत आकड्यांची चढण उलटी असते, म्हणजे राजा-प्रधानानंतर दश्शी नव्हे तर एक्का मोठा; नव्याने खेळणारा हमखास इथेच गडबडतो. खेळाच्या पारंपरिक नियमात दिवसा उतारी, म्हणजे पहिला पत्ता टाकण्याची पाळी, रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. मुलांना वाड्यात कंटाळा येतो ही तक्रार असणाऱ्यांनी गंजिफेसमोर त्यांना पंधरा मिनिटे बसवून पाहावे.

विकत घेताना पत्ता तिरका धरून प्रकाशात पाहावा. हाताने रंगवलेल्यात रेघ किंचित उठलेली असते आणि दोन सारख्या पत्त्यांत थोडा फरक सापडतो. छापील पत्ते तंतोतंत सारखे. पूर्ण संच महाग पडतो, सुटे पत्ते आणि चौकटी परवडतात. लाकडी फळे-भाज्या आणि खेळणी घ्यायची तर सावंतवाडीच्या चितार आळीत जावे. जुनी खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची असत. घरी आणल्यावर ती ओल्या फडक्याने पुसू नयेत आणि ठाण्याच्या पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नयेत, बुरशी धरते. कपाटात कोरड्या कापडात गुंडाळून, दसऱ्याला उन्हाऐवजी सावलीत एक दिवस हवा दिली की पुष्कळ वर्षे रंग टिकतो.

संध्याकाळी दिवे लागल्यावर तळ्याकाठी पुन्हा यावे असे सगळेच सांगतात. येताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, डास त्याच वेळी उठतात.